आमचा चुकीचा तेरडा

पुन्हा ते जांभळट गवत फुललंय आणि पुन्हा माझं डोकं फिरलंय.

ऑगस्ट सरत आला की विषुववृत्ताखालच्या आमच्या बेटावर, व्हाकोआ गावात, हे असं होतं. पाऊस म्हणावा असा पाऊस नसतो, ढगच रस्त्यावर उतरून हिंडायला लागतात. कपडे वाळत नाहीत. बसच्या काचा आतून धुरकटतात आणि स्टॉपवर उभा असलेला प्रत्येक जण स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतो. उसाने भरलेल्या लॉऱ्या चिखल उडवत जातात. पंचांग सांगतं, श्रावण सरला, भाद्रपद लागला. आमच्या मराठीच्या पुस्तकातला श्रावण हिरवागार, ऊनपावसाचा होता. आमचा श्रावण हिवाळ्यात येतो आणि नाक गळत येतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती पुस्तकातला श्रावण खरा आणि आमचा खोटा असं म्हणणाऱ्यांबद्दल.

याच दिवसांत उसाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, देवळामागच्या मोकळ्या जागेत ते फुलतं. गुडघ्याएवढं रोप, केसाळ पानं, शेंड्यावर फिक्या जांभळ्या रंगाचे मुगाएवढे गोंडे. पान चुरगाळलं की बोकडाचा वास येतो, म्हणून क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीत, त्याला ‘झेर्ब बुक’ म्हणतात, बोकडाचं गवत. शास्त्रातलं त्याचं नाव अजेरेटम. आणि आमच्या घरात त्याचं नाव तेरडा.

ज्यांनी खरा तेरडा पाहिलाय ते इथे हसतील. खुशाल हसा. तुमच्या आधी एक जण हसून गेलाय, आणि त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मी सांगतेय ती सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. इंग्रज आरमाराची माणसं व्हाकोआतलं बस्तान उठवून गेली तेव्हा त्यांच्या घरांतलं सामान विकायला निघालं होतं. कोणी फ्रिज आणले, कोणी गालिचे. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, तिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं. मी एक जुना कॅमेरा घेऊन घरी आले. त्याच्यासोबत धातूची काही कडी होती. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स पुढे सरकते आणि अगदी जवळचं दिसायला लागतं. नखाएवढं फूल सगळी चौकट व्यापून टाकतं. आईने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “ह्याच्यात नवरा दिसतो का बघ एकादा.”

नवरा दिसला नाही. पण रस्त्याच्या कडेला इतकं काही आहे हे दिसलं, आणि मग मला दुसरं काही सुचेना.

पहिला नीट आलेला फोटो घाणेरीचा होता. कुंपणाकुंपणात माजणारं काटेरी झुडूप, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं. क्रेओलमध्ये त्याला ‘व्येय फी’ म्हणतात, म्हणजे लग्न न झालेली म्हातारी पोर. कचेरीत हा फोटो हातोहात फिरला आणि सगळ्यांची चांगलीच करमणूक झाली. व्येय फीने व्येय फीचा फोटो काढला! मी तो फोटो माझ्या टाइपरायटरच्या वर, भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा चिकटवला. साहेबांनी एकदा विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, माझा फोटो आहे. पुन्हा कोणी काही बोललं नाही.

जवळून फोटो काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. ओल्या गवतात पालथं पडायचं. कोपरं चिखलात रुततात. लेन्स फुलापासून चार बोटांवर, आणि त्या चार बोटांतही केसाएवढाच भाग स्पष्ट येतो. तुम्ही श्वास घेतला की फूल निसटलं. वारा सुटला की फूल निसटलं. व्हाकोआत वारा सुटत नाही असा दिवस कोणी दाखवावा. मी छत्री आडवी धरायचे, पदर खोचून गुडघ्यांनी आडोसा करायचे आणि वाट बघायचे. डोळ्यातून पाणी यायचं. मग क्षणभर सगळं थांबायचं, आणि त्या क्षणी बोट दाबायचं. फिल्म महाग, त्यामुळे बोट उगाच दाबायची सोय नव्हती. त्या वाट बघण्यात मला जो आनंद मिळाला तो पुढे कशात मिळाला नाही. कोणीतरी मला बिनकामाची म्हणत होतं, आणि मी इतकी कामात होते.

येणारेजाणारे थांबत. एकदा उसाच्या लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरून आला, त्याला वाटलं बाई चक्कर येऊन पडली. मी म्हटलं, फुलाचा फोटो काढतेय. त्याने वाकून पाहिलं, फूल त्याला दिसेना. “केल फ्लेर?” म्हणाला. कुठलं फूल? मी बोट दाखवलं. त्याने मान हलवली आणि लॉरीत जाऊन बसला. माझी काळजी करणारा तो माणूस मला अजून आठवतो.

फुलं टिपली, पण ती कोण हे कसं कळायचं? म्हणून मी निसर्गप्रेमींच्या एका मंडळात जायला लागले. तिथल्या सेक्रेटरी मादाम इव्हॉन. जुन्या फ्रेंच साखरमळेवाल्या घराण्यातल्या, सत्तरीच्या, पायात पुरुषी बूट आणि गळ्यात भिंग. डोंगरकड्यांवरची दुर्मिळ फुलं शोधत त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. या बेटाशिवाय जगात कुठेच नसलेली फुलं. त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज कापायचा, आणि ते नाटक नव्हतं. ओळख कशी पटवायची हे त्यांनीच मला शिकवलं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते आधी बघ. देठ चौकोनी की गोल ते चिमटीत फिरवून बघ. फूल उभं चिरून आत बघ. पांपलमूसच्या वनस्पतीबागेत त्या मला घेऊन जायच्या तेव्हा सगळे लोक परातीएवढ्या कमळपानांच्या तळ्याकडे धावत आणि आम्ही दोघी वाटेच्या कडेला उकिडव्या बसत असू. “नाव सांगायची घाई नको, माद्म्वाझेल,” त्या म्हणायच्या, “आधी बघा. नाव पळून जात नाही.”

फक्त माझी फुलं त्यांना पसंत नव्हती. मी आणलेले फोटो त्या भिंगाखाली धरत, तंत्राचं कौतुक करत आणि सुस्कारा टाकत. लाजाळू, घाणेरी, उसाच्या कडेचं हे नि ते. सगळं बाहेरून आलेलं. “मोव्हेझ झेर्ब,” त्या म्हणायच्या. वाईट गवत. “जहाजांतून आलंय, गुरांच्या चाऱ्यातून, गोणपाटातून. त्याचं काय एवढं?”

मी तेव्हा गप्प बसायचे. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसायचे, कारण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बाहेरून आलेली काही झाडं इथलं रान खरंच गिळत होती. पण माझा झेर्ब बुक कुठलं रान गिळत होता? तो उसाच्या कडेला उभा होता, मजुरांच्या वाटेवर, जिथे रान कधीच कापून टाकलेलं होतं. आणि ते कापलं कोणी, हे मी मादामना विचारलं नाही.

आता गुरुजी. विठूगुरुजी आमच्या देवळात संध्याकाळचे मराठीचे वर्ग घेत. ते हिंदुस्थानात, महाराष्ट्रात जाऊन शिकून आले होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आई त्यांच्याच वर्गात, वयाच्या पन्नाशीत, देवनागरी वाचायला शिकली. याचं श्रेय त्यांचं, मी नाकारणार नाही. पण गुरुजी परत आले ते एक खोडरबर घेऊन आले. आम्ही तोंड उघडलं की ते पुसायला लागत. न्हवं नाही, नव्हे. हाय नाही, आहे. येळ नाही, वेळ. आमच्या बायका चार पिढ्या उसात, स्वयंपाकघरात, नदीवर बोलत आल्या होत्या, त्या देवळाच्या पडवीत बसल्या की मुक्या व्हायला लागल्या. आई घरात दिवसभर बडबडणारी बाई, वर्गात फक्त वाचायची. पुस्तकात आहे तेवढंच. गुरुजींनी काही विचारलं तर मान हलवायची. मी एकदा तिला म्हटलं, बोलत का नाहीस? तर म्हणाली, “मो मराठी पा बों.” माझी मराठी चांगली नाही. हेही तिने क्रेओलमध्ये सांगितलं.

त्या वर्षी गुरुजींनी तेरड्याचा विषय काढला.

आमच्यात गणपतीपाठोपाठ गौर येते. कोकणात गौर तेरड्याची करतात. रानातून तेरडा आणायचा, त्याची जुडी बांधायची, सुपात ठेवायची, तिला लुगडं नेसवायचं. आमच्या घरीही तेरड्याचीच गौर. आई उसाच्या कडेवरून जांभळ्या गोंड्यांचा भारा आणते, जुडी बांधते, सुपात ठेवते, हळदकुंकू वाहते. लहानपणापासून मी हेच पाहिलं. तो तेरडा, हा तेरडा, यात काही फरक असेल हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गुरुजी सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, “बायांनो, हा तेरडा नव्हेच. ही तर ओसाडी. ओसाड जागी उगवणारं तण. तिकडे याला जनावरंही तोंड लावत नाहीत. तुम्ही गौर म्हणून बोकडाचं गवत पुजताय.” पडवीत बसलेल्या बायकांनी खाली पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला. आणि गुरुजींनी जाहीर केलं की यंदा गौरी खऱ्या तेरड्याच्या होतील, त्यांनी तिकडून बी मागवलंय.

मी घरी येऊन मादाम इव्हॉनच्या पद्धतीने पडताळा घेतला. मान्य करते, गुरुजी बरोबर होते. खऱ्या तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी नळी असते, शेंगेला हात लावला की ती फट्‌कन फुटते. आमच्या तेरड्याला शेपटी नाही आणि शेंगही नाही. या दोघांचं गोत्रही एक नाही.

पण गुरुजींचं बी बघा. देवळामागे वाफा केला, जूनमध्ये पेरलं, वर गोणपाट बांधलं. थोडं उगवलं. मग आमचा हिवाळा भरात आला. रिपरिप, वारा, गारठा. रोपं बोटभर झाली आणि तिथेच रुसून बसली. पानं पिवळी पडली. खरा तेरडा इथेही लोकांच्या कुंड्यांत असतो, बाल्सामिन म्हणतात त्याला, पण तो फुलतो उन्हाळ्यात, डिसेंबरनंतर. तेव्हा गौर कुठे असते? ती तर कधीच जेवून, नदीत जाऊन, घरी गेलेली असते. गुरुजी रोज संध्याकाळी वाफ्यापाशी छत्री घेऊन उभे राहत. वाफ्याच्या कडेकडेने, कोणी न लावलेला, आमचा तेरडा भरभरून फुलला होता. तो त्यांनी रोज उपटला. तो रोज पुन्हा आला.

तेव्हा माझ्या मनात पणजीचा विचार आला. मी तिला पाहिलेलं नाही, तिचा फोटो नाही. रत्नागिरीकडची कुठली तरी बाई, जहाजातून उतरली, उसाच्या मळ्यातल्या खोपटात राहिली. तिचा पहिला भाद्रपद आला असेल तो असाच गारठ्याचा. हातात काही नाही, ओळखीचं एक झाड नाही, आणि गौर तर यायची आहे. तिने काय केलं असेल? बाहेर पडली असेल. वाकून पाहिलं असेल. ज्या दिवशी गौर येते त्या दिवशी जे फुललेलं सापडलं, त्याला तिने तेरडा म्हटलं. तिला का कळत नव्हतं की हा तो नव्हे? चांगलं कळत होतं. रत्नागिरीकडची बाई तेरडा विसरेल? तिला तेरडा हवा होता म्हणून तिने एकाला तेरडा केलं. याला चूक म्हणायचं असेल तर म्हणा. ती चूक आमच्या घरात चार पिढ्या नांदली आणि प्रत्येक वर्षी वेळेवर फुलली.

गौरीच्या आदल्या दिवशी मी आईला घेऊन उसाच्या कडेला गेले. ती तेरडा कापायला, मी टिपायला. उजेड फार मंद होता. मी घरातली स्टीलची थाळी आणली होती, ती फुलाच्या बाजूला तिरकी धरली की फुलावर थोडा प्रकाश पडे. थाळी धरायचं काम आईकडे.

“आजून किती येळ? माझा हात मोडला.”

“हलू नको.”

“ह्यो तेरडा काय पळून चाललाय? बे, तिर फोतो ला, काढ की फोटो!”

“आये, श्वास घेऊ नको.”

“मरू का मग?” असं म्हणून ती हसायला लागली, थाळी हलली, प्रकाश नाचला, मीही चिखलात पडल्या पडल्या हसायला लागले. हसणं थांबलं त्या क्षणी वाराही थांबला. मी बोट दाबलं. गोंड्याच्या आत काय होतं ते तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते चिमुकल्या नळ्यांचं गाव असतं, प्रत्येक नळीला पाच पाकळ्यांचं तोंड आणि प्रत्येक तोंडातून दोन लांब जांभळे दोरे बाहेर आलेले. आई बाजूला माझ्या नावाने बोटं मोडत होती आणि मला वाटत होतं, हिला हे दाखवलं पाहिजे.

गौर झाली. त्या वर्षीही तेरड्याचीच, आमच्या. आणि त्यानंतर मंडळाचं प्रदर्शन होतं, व्हाकोआतल्याच एका हॉलमध्ये. माझे फोटो घ्यायला मादाम तयार झाल्या, पण प्रत्येकाखाली चिठ्ठी हवी: लॅटिन नाव, फ्रेंच नाव. आईला यातलं एकही वाचता येणार नव्हतं. त्या हॉलमध्ये तिला वाचता येईल असा एक तरी शब्द असला पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती, आणि तो शब्द कोणता हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी गुरुजींकडे गेले. म्हटलं, तुमच्या सुंदर अक्षरात एक चिठ्ठी लिहून द्या, तेरडा. त्यांनी टाक उचलला, शाईत बुडवला आणि लिहिलं: ओसाडी.

“आमच्या घरात हा शब्द कोणी कधी उच्चारलेला नाही, गुरुजी.”

“म्हणून तर शिकायचा. बाहेरच्या लोकांसमोर आपली भाषा शुद्ध दिसली पाहिजे.”

“मग ती आपली कशी?”

त्यांनी चिठ्ठी वाळायला ठेवली. मी ती तिथेच सोडून आले आणि रागारागाने चालत शेजारच्या फिनिक्स गावापर्यंत गेले. बस अंगावरून गेली तरी हात केला नाही.

मग मी स्वतःच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण लिहिलं. प्रदर्शनाच्या सकाळी चिठ्ठी लावली. मादामनी ती हळूच काढून माझ्या हातात दिली. “माद्म्वाझेल, झेर्ब बुक लिहिलंय ना, ते लोकांचं नाव झालं. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातलं नाव लावत बसलो तर भिंत पुरायची नाही. आणि मला कळलंय की हे नाव तुमच्या भाषेतही बरोबर नाही.” म्हणजे गुरुजींनी येऊन सांगितलं होतं. एरवी ज्या दोघांची तोंडं दोन दिशांना, ती माझ्या एका शब्दापुरती एक झाली होती.

मला रडू येईल असं वाटलं. मग राग आला, आणि रागाने नेहमीप्रमाणे माझी लाज राखली. फोटो छापताना भोवती पांढरी कडा सुटते. मी पर्समधून न पुसणाऱ्या शाईचं पेन काढलं, फोटो भिंतीवरून उतरवला आणि त्या कडेवरच, फुलाच्या बरोबर खाली, लिहिलं: तेरडा. आणि परत टांगला.

“आता काढायचं असेल तर फुलासकट काढा, मादाम.”

“पण हे तण आहे. ते इथलं नाही. ते जहाजातून आलंय.”

“या बेटावर जहाजातून न आलेलं कोण आहे? तुमचे पणजोबा काय पोहत आले होते?”

हॉलमध्ये कोणाच्या तरी हातातली बशी वाजली. मादाम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या गळ्यातलं भिंग वरखाली होत होतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दाराशी पाहुण्यांचं स्वागत करायला गेल्या. फोटो जागेवर राहिला.

आई दुपारी आली. हिरव्या काठाची साडी, वर माझा स्वेटर, सोबत देवळातल्या बायका, आणि मागे गुरुजी. आई एकेक फोटो बघत पुढे सरकत होती, चिठ्ठ्यांवरून तिची नजर घसरत होती. माझ्या फोटोसमोर येऊन थांबली. चौकटभर जांभळे दोरे, नळ्या, कडेला थाळीचा मंद उजेड.

“ह्ये काय?” तिने मला विचारलं. “समुद्रातलं काय हाय का?”

जिने थाळी धरली होती, जिने आयुष्यभर ते कापलं, बांधलं, पुजलं, तिला ते ओळखू येईना. इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. मी मुद्दाम काही बोलले नाही. तिची नजर खाली उतरली. तिने बोट पुढे केलं, कडेवरच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं, मोठ्याने, सुटं सुटं वाचलं.

“ते... र... डा.”

पुन्हा एकदा वाचलं, आता सलग. आणि मग तिचा चेहरा! “तेरडा! सा मेम! ह्योच त्यो! आगं गेत सा, बघा की, माझ्या गौरीचा तेरडा!” देवळातल्या सगळ्या बायका पुढे झुकल्या. जी ती बोलायला लागली, मराठीत, क्रेओलमध्ये, दोन्हीत. ह्यो पानाचा केस बघ. ह्यो दोरा बघ. मोंद्ये, देवा, किती गोड हाय!

गुरुजी पुढे झाले. आवाज मऊ होता, रागाचा नव्हता. “बाई, शुद्ध नाव खरं तर...”

आणि माझी आई, जिने त्यांच्यासमोर इतकी वर्षं पुस्तकाबाहेरचं एक अक्षर काढलं नव्हतं, ती वळली. बोट तसंच कडेवर होतं.

“गुरुजी, तुमी शिकिवलं तसंच वाचलं म्या. कुठलं अक्षर चुकलं?”

गुरुजींनी फोटोकडे पाहिलं. माझं अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं.

“नाही,” ते म्हणाले. “अक्षर बरोबर आहे.”

“मग झालं तर,” आई म्हणाली आणि पुन्हा फुलाकडे वळली.

मादामनी मला बाजूला बोलावून विचारलं, तुमची आई काय म्हणाली? मी म्हटलं, तिने चिठ्ठी वाचली. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्या स्वतः आईसाठी चहाचा कप घेऊन चालल्या होत्या, आणि दोघी फोटोसमोर उभ्या राहून, एक फ्रेंचमधून आणि एक मराठीतून, मध्ये क्रेओल घालून, बोटांनी दोरे दाखवत बोलत होत्या. काय बोलल्या ते आईने मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, “आमचं फुलाचं चाललं होतं, तुला काय करायचंय?”

आता ऐंशीचं दशकही सरत आलंय. मादाम गेल्या. आई गेली. तो फोटो माझ्याकडे आहे, कडा पिवळी पडली, शाई मात्र जशीच्या तशी. जिथे मी आईला थाळी धरायला लावली होती तिथे आता कपड्यांची फॅक्टरी आहे, आणि फिनिक्सपर्यंत सगळीकडे भिंती आल्यात. विठूगुरुजी आहेत. अजून वर्ग घेतात, अजून पुसतात. काल देवळाच्या लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज आला: उद्या गौरी येणार, बायांनी येताना... आणि ते थांबले. मी हातातलं काम टाकून कान दिले. ओसाडी म्हणावं तर कोणाला कळणार नाही, आणि तेरडा तर ते म्हणणार नाहीत. शेवटी म्हणाले, “गौरीची फुलं आणावीत.” मला हसूच आलं. माणूस हट्टी आहे, पण माझ्याइतका नाही.

आज सकाळी कोयती घेऊन गेले. फॅक्टरीच्या भिंतीला लागून, सांडपाण्याच्या नालीच्या दोन्ही काठांना तो उभा होता, रिपरिपत्या पावसात, जांभळाच्या जांभळा. मी कापायला वाकले. गुडघे आता कुरकुरतात. एवढ्यात पाळी सुटली आणि मुली बाहेर पडल्या. त्यातली एक, विशीतली, केसांत शिवणाचे धागे अडकलेले, धावत नालीच्या पलीकडच्या काठाशी आली. आमच्यातलीच असावी, पण मराठी तिला येत नसावी, कारण तिने हाक मारली ती क्रेओलमध्ये:

“मातांत, लेस एन तिगीत तेरडा पू म्वा!”

मावशी, थोडा तेरडा माझ्यासाठी ठेव.

मी ठेवला.